न आलेल्या रुग्णाची मोजणी

मराठी माणसाच्या मनातला डोळ्यांचा डॉक्टर म्हणजे मोतीबिंदू काढणारा डॉक्टर. हे चित्र उगीच तयार झालेले नाही. गावोगावची नेत्रशिबिरे, शाळेच्या वर्गात ओळीने निजवलेली म्हातारी माणसे, पट्टी सुटल्यावर नातवाचा चेहरा ओळखणारी आजी, हे सारे आपल्याकडे खरोखर घडले आहे आणि त्यातून लाखो लोकांना गेलेली नजर परत मिळाली आहे. डॉ. तात्याराव लहाने यांचे नाव महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोचले ते याच कामामुळे. काचबिंदूच्या डॉक्टरच्या वाट्याला मात्र पट्टी सोडण्याचा तो क्षण कधीच येत नाही. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टर फार तर एवढे करू शकतो, की आज आहे तेवढी नजर आणखी वीस वर्षांनीही राहावी. त्याचे यश म्हणजे काही न घडणे, आणि न घडलेल्या गोष्टीबद्दल कोणी हार घालत नाही. त्यातही जो नेत्रतज्ज्ञ शस्त्रक्रियेच्या खोलीतून बाहेर पडून गावेच्या गावे तपासायला निघतो, कोणाला काचबिंदू आहे, कितीजणांना आहे, किती जणांना तो असल्याचा पत्ताच नाही हे मोजतो, त्याचे आयुष्यभराचे काम तर बहुतेकांना काम वाटतच नाही. डॉक्टर तो, ज्याने रुग्ण बरा केला. आकडे गोळा करणारा कसला डॉक्टर, अशी आपली समजूत आहे. या विषयाची ओळख करून देताना मला मांडायचे आहे ते याच्या अगदी उलट. काचबिंदूच्या बाबतीत मोजणी हा उपचाराचाच पहिला भाग आहे, आणि ती केल्याशिवाय दवाखान्यातला डॉक्टर कितीही निष्णात असला तरी आपल्या रोगाच्या एका लहानशा कोपऱ्यावरच काम करत राहतो.

आधी रोग नीट समजून घेऊ, कारण मराठीत त्याच्या नावापासूनच घोटाळा सुरू होतो. मोतीबिंदू आणि काचबिंदू या दोन शब्दांत ‘बिंदू’ सारखा, म्हणून ऐकणाऱ्याला ते एकाच घरातले थोरले-धाकटे वाटतात. प्रत्यक्षात मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होणे. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की काम झाले. काचबिंदू हा डोळ्याला मेंदूशी जोडणाऱ्या नसेचा रोग आहे. या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. डोळ्याच्या आत सतत एक पाण्यासारखा द्रव तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या कोनातून झिरपून जातो. झिरपणे कमी पडले की आतला दाब वाढतो आणि तंतू एकेक करून मरू लागतात. काहींच्या नसा इतक्या नाजूक असतात की साध्या दाबानेही त्या झिजतात. तंतू मरतात ते आधी कडेची नजर सांभाळणारे. समोरचे अक्षर स्वच्छ दिसते, सुईत दोरा ओवता येतो, फक्त बाजूने येणारी गाय दिसत नाही, पायरीची कड चुकते. दुसरा डोळा उणीव भरून काढत असतो, म्हणून तेही लवकर ध्यानात येत नाही. एक चतुर्थांशाहून अधिक तंतू गेल्याशिवाय नजरेच्या तपासणीत खोट नीट पकडताही येत नाही. बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही. अशा माणसाला कधी अंधुक वाटलेच तर घरातले म्हणतात, मोतीबिंदू असेल, पिकू दे, मग काढू. मोतीबिंदूच्या बाबतीत हा सल्ला जुना झाला असला तरी त्याने फारसे बिघडत नाही. काचबिंदूच्या बाबतीत ‘पिकू दे’ हे दोन शब्द डोळा घालवतात.

आता प्रश्न असा, की ज्याला काही जाणवतच नाही तो डॉक्टरकडे येईल कशाला? तो येत नाही. दवाखान्यात येतो तो उशिरा आलेला, किंवा चष्म्यासाठी आला असताना योगायोगाने सापडलेला. म्हणून केवळ आपल्याकडे आलेल्या रुग्णांवरून काचबिंदूचे ज्ञान उभे करणारा डॉक्टर नकळत फसतो. दीर्घकाळ सगळे नेत्रवैद्यक असेच फसले होते. पाऱ्याच्या २१ मिलिमीटरपलीकडचा दाब म्हणजे काचबिंदू, त्याखालचा दाब म्हणजे निर्धास्त, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले, कारण दवाखान्यात वाढलेल्या दाबाचेच रुग्ण दिसत होते. १९८५ ते १९८८ या काळात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जेम्स टिल्श, आल्फ्रेड सॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपुढच्या ५,३०८ माणसांना त्यांच्या वस्तीत जाऊन गाठले आणि तपासले. काचबिंदू असलेल्यांपैकी निम्म्यांना आपल्याला तो आहे हे माहीत नव्हते, आणि अर्ध्याहून अधिक जणांचा दाब त्या दिवशी ठरलेल्या रेषेच्या खालीच होता. नुसता दाब मोजून काचबिंदू शोधण्याची पद्धत त्या दिवसापासून डळमळली. (हेच सॉमर इंडोनेशियात अ जीवनसत्त्वाच्या अभावाने दगावणाऱ्या मुलांवर काम करून जगाला ठाऊक झाले. डोळ्यापासून निघालेला माणूस लोकांच्या एकूण आरोग्यापर्यंत कसा पोचतो याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.)

आपल्याकडचे आकडे बाल्टिमोरपेक्षा फार कठोर आहेत. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या पाहणीत हैदराबाद शहरात उघड्या कोनाचा काचबिंदू, म्हणजे झिरपण्याचा कोन उघडा असूनही होणारा, ज्यांना सापडला, त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक जणांचे निदान आधी झालेलेच नव्हते. अरविंद नेत्र रुग्णालयाने तमिळनाडूच्या मदुराई, तिरुनेलवेली आणि तुतिकोरिन या जिल्ह्यांत ५,१५० माणसे तपासली. तिथे हे प्रमाण ९३ टक्के होते. शंकर नेत्रालयाच्या डॉ. लिंगम विजया, डॉ. रॉनी जॉर्ज आणि सहकाऱ्यांनी केलेल्या चेन्नई काचबिंदू पाहणीत ग्रामीण भागात ते ९८.५ टक्के निघाले. शंभरातल्या दीड माणसाला ठाऊक, बाकीच्यांना गंधवार्ता नाही. पण मला त्याहून विचार करायला लावतो तो याच पाहणीतला शहराचा आकडा. चेन्नई शहरात, जिथे नावाजलेली नेत्ररुग्णालये हाकेच्या अंतरावर आहेत, तिथेही ९४ टक्के लोक अनभिज्ञ होते. म्हणजे रुग्णालय बांधले, जवळ आणले, फुकट केले, तरी काचबिंदूचा माणूस आपणहून आत पाऊल टाकणार नाही. अडचण रस्त्याची नाही, पैशाचीही प्रथम नाही. त्याला बोलावणेच आलेले नाही, ही अडचण आहे.

हे बोलावणे करणारा डॉक्टर घडतो कसा, हे पाहायचे तर डॉ. ललित दांडोना यांची वाटचाल डोळ्यांपुढे आणावी. ते मूळचे नेत्रतज्ज्ञ. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत असताना त्यांनी राखी दांडोना आणि इतरांसह १९९६ ते २००० या काळात आंध्र प्रदेश नेत्ररोग पाहणी उभी केली. हैदराबाद शहर आणि पश्चिम गोदावरी, आदिलाबाद, महबूबनगर या जिल्ह्यांतली गावे मिळून १०,२९३ लोकांची त्यात संपूर्ण तपासणी झाली. काचबिंदूवरचे त्यांचे निबंध त्यातूनच निघाले. पुढे त्यांचे क्षेत्र रुंदावत गेले आणि भारतातल्या राज्याराज्यांतला आजारांचा भार मोजणाऱ्या उपक्रमाचे ते प्रमुख झाले; त्याचे पहिले निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. डोळ्याच्या नसेपासून निघून राज्याच्या आरोग्याच्या ताळेबंदापर्यंतचा हा प्रवास आहे. काहींना वाटेल, एक चांगला डोळ्यांचा डॉक्टर गमावला. मला तसे वाटत नाही. मोजण्याची जी शिस्त काचबिंदूने शिकवली, तीच त्यांनी इतर रोगांना लावली.

महाराष्ट्रातही असे काम झाले आहे, आणि ते आपल्याच लोकांना फारसे ठाऊक नाही याची खंत वाटते. नागपूरच्या सूरज नेत्र संस्थेचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतले डॉ. योस्ट योनास यांनी २००६ ते २००८ या काळात नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या आठ खेड्यांत मध्य भारत नेत्र व वैद्यकीय पाहणी केली. तीस वर्षांवरील ५,८८५ रहिवाशांपैकी ४,७११ जण तपासणीला आले, म्हणजे शंभरातले ऐंशी. खेडूतांमधल्या कोणत्याही पाहणीला हे प्रमाण अभिमानाचे आहे. त्यामागे दर घरी पुन्हा पुन्हा मारलेले खेटे असतात. पाहणीच्या नावात ‘वैद्यकीय’ हा शब्द आहे तो शोभेचा नाही. उंची, वजन, रक्तदाब, तंबाखू, मनाची उदासी अशा कितीतरी गोष्टींची नोंद डोळ्याबरोबर झाली. तिथे दिसलेली एक गोष्ट काचबिंदूच्या दृष्टीने मोलाची आहे: या लोकांच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी सरासरी ५१४ मायक्रॉन भरली, आणि युरोपीय वंशाच्या लोकांच्या मानाने ती कमी आहे. पडदा पातळ असला की दाब मोजणारे यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते. म्हणजे परदेशी पुस्तकातली ‘सुरक्षित’ रेषा विदर्भातल्या शेतकऱ्याला लावली तर त्याला धीर देऊन घरी पाठवले जाईल, आणि तो धीर खोटा असेल. हे कळायला आठ खेड्यांत जावे लागले.

मोजणी म्हणजे काय करायचे हेही जवळून पाहिले पाहिजे, कारण ‘सर्व्हे’ म्हटले की आपल्यापुढे दारात उभा राहून फॉर्म भरणारा माणूस येतो. इथे बुबुळ बधिर करणारा थेंब घालतात, पिवळ्या रंगाचा स्पर्श देतात आणि निळ्या उजेडात एक लहान शंकू बुबुळाला टेकवतात. पाहणाऱ्याला दोन हिरवी अर्धवर्तुळे दिसतात. चकती फिरवत त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना नेमक्या भिडवल्या की दाबाचा आकडा मिळतो. कडा केसभर जास्त सरकल्या तर आकडा चुकतो. मग आरशांची काच डोळ्यावर ठेवून तो झिरपण्याचा कोन बघायचा, कारण सरळ बघून तो दिसत नाही. मग बाहुली मोठी करून नसेचा गड्डा बघायचा. मग अंधाऱ्या खोलीत यंत्रापुढे बसवून, ठिपका दिसला की बटण दाबा, असे समजावायचे. ज्या आजीने आयुष्यात बटण म्हणून दिव्याचेच ओळखले, तिला हे दोनदा, तीनदा समजावावे लागते. एका माणसाला तास-दीड तास सहज लागतो. हजारो माणसांना असेच, त्याच क्रमाने, तेवढ्याच सबुरीने. हे काम शस्त्रक्रियेपेक्षा हलके आहे असे म्हणणाऱ्याने ते एक आठवडा करून बघावे.

शिवाय नुसते मोजून भागत नाही, काय मोजतो हे आधी ठरावे लागते. वेल्लोरमध्ये डॉ. रवी थॉमस आणि सहकाऱ्यांनी तीस ते साठ वयाच्या ९७२ जणांची पाहणी केली आणि १९९८ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा बंद कोनाचा काचबिंदू, म्हणजे हा कोन अरुंद होऊन मिटल्याने होणारा, शंभरात चारांहून अधिकांना असल्याचे दिसले. अरविंदच्या पाहणीत हाच आकडा शंभरात अर्धा होता. एकाच राज्यातली दोन ठिकाणे आणि आठपटींहून जास्त फरक. यामागे माणसांतला फरक थोडा आणि व्याख्येतला मोठा होता: कोन अरुंद असून दाब वाढलेला असणे एवढ्यावर काचबिंदू म्हणायचे, की नसेला इजा झालेली दिसली तरच म्हणायचे? २००२ मध्ये पॉल फॉस्टर, हॅरी क्विग्ली आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या पाहण्यांसाठी एकसारखी व्याख्या मांडली: नसेची इजा दिसली तर काचबिंदू, नाही तर त्याच्या अलीकडच्या पायऱ्या. त्यानंतरच एका देशाचा आकडा दुसऱ्याशेजारी ठेवता येऊ लागला. ही गोष्ट कोरडी वाटते, पण हिच्यावरच कोणाला आयुष्यभराचे औषध लागेल आणि कोणाला उगाच लागणार नाही हे ठरते.

आता रत्नागिरीकडे येऊ, कारण हा विषय मला मिरजोळ्यासारख्या गावातून पाहायचा आहे. मिरजोळे रत्नागिरी शहराला खेटून आहे. गावात औद्योगिक वसाहत आहे, जिल्हा रुग्णालय काही किलोमीटरांवर, आणि रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. म्हणजे ‘दुर्गम भाग’ ही सबब इथे चालत नाही. चेन्नई शहराने दाखवलेली गोष्टच इथे लागू पडेल असे मानायला जागा आहे: दवाखाना जवळ, निदान दूर. शिवाय या जिल्ह्याच्या लोकसंख्येची घडण वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १६,१५,०६९ लोक होते आणि दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया. राज्याची सरासरी तेव्हा ९२९ होती. यामागे पिढ्यान्पिढ्यांची मुंबईची वाट आहे. कमावते पुरुष चाकरमानी होऊन गेले, घरी राहिल्या बायका आणि म्हातारी माणसे. काचबिंदू वयाबरोबर वाढतो. बंद कोनाचा काचबिंदू पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो, कारण त्यांच्या डोळ्याचा पुढचा कप्पा सरासरीने उथळ असतो. म्हणजे स्थलांतराने गावात जी माणसे मागे ठेवली, तीच या रोगाच्या वाटेवर उभी आहेत. आणि बंद कोनाचा झटका येतो तेव्हा तो कसा येतो? संध्याकाळनंतर डोके फुटेल असे दुखते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. घरात म्हणतात पित्त खवळले, कोकम सरबत देतात, नाहीतर डोकेदुखीची गोळी देऊन निजवतात. सकाळपर्यंत त्या डोळ्याचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

तमिळनाडूतल्या पाहणीत चाळिशीपुढच्या शंभरांत २.६ जणांना कोणता ना कोणता काचबिंदू होता. तेच प्रमाण इथे धरले तर चाळिशी ओलांडलेल्या दर लाखामागे २,६०० माणसे होतात. पण हा उसना आकडा आहे, आणि उसन्या आकड्यावर जिल्ह्याची आखणी करणे मला धोक्याचे वाटते. मदुराईच्या गावांची घडण कोकणासारखीच आहे असे धरता येत नाही. कोकणातल्या पाहणीला तर पहिल्याच दिवशी न सुटलेले प्रश्न भेटतील. वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. नमुना गावाने घ्यायचा की वाडीने? कुलूपबंद घर मोजायचे की सोडायचे? वर्षातले आठ महिने मुंबईला मुलाकडे आणि पावसाळ्याआधी घरी येणारी आजी कुठली रहिवासी? हे प्रश्न किरकोळ नाहीत. ते चुकले तर सगळी पाहणी चुकते, आणि त्यांची उत्तरे इथले गाव ओळखणाऱ्यालाच देता येतील.

यावर पहिला आक्षेप असा येतो की देशात अजून मोतीबिंदूनेच लोक आंधळे आहेत. आधी ते संपवा, मग काचबिंदू. आक्षेपाला आधार आहे. भारताने १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि त्याचा भर मोतीबिंदूवर राहिला तो योग्यच होता. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधांमध्ये मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के होता आणि काचबिंदूचा ५.५ टक्के. पण हा साडेपाच टक्क्यांचा आकडा कसा आला हे बघितले पाहिजे. अशा जलद पाहणीत तक्त्यावरची अक्षरे वाचायला लावतात आणि दोहोंतल्या चांगल्या डोळ्याची नजर धरतात. काचबिंदू समोरची नजर शेवटपर्यंत राखतो आणि बरेचदा एक डोळा आधी घेतो. अरविंदच्या पाहणीत उघड्या कोनाचा काचबिंदू असलेल्या ८६ जणांपैकी १८ जणांचा निदान एक डोळा त्याने गेला होता. त्यांतले दोन्ही डोळ्यांनी अंध फक्त सहा. राष्ट्रीय पाहणीच्या व्याख्येत हे सहाच ‘अंध’ ठरतात, बारा जण गणतीतच नाहीत. मोतीबिंदूचा अंध उद्या शस्त्रक्रियेने पाहू लागेल. या बारांचा गेलेला डोळा कायमचा गेला, आणि उरलेला डोळा वाचवायची संधी आज आहे. मोतीबिंदू थांबू शकतो, काचबिंदू थांबत नाही. दोघांना एका रांगेत उभे करून नंबर लावणे म्हणूनच मला पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त भक्कम आहे आणि तो डॉक्टरांकडूनच येतो. ब्रिटनच्या तपासणी समितीने सरसकट सर्वांची काचबिंदू तपासणी करण्याची शिफारस केलेली नाही. अमेरिकेच्या समितीनेही २०२२ मध्ये पुरेसा पुरावा नाही असेच म्हटले. का, ते साध्या हिशेबाने कळते. चाळिशीपुढचे हजार लोक घ्या, त्यांत पंचवीस जणांना काचबिंदू आहे असे धरा. तपासणी अशी धरा की ती रोग्यांतले ऐंशी टक्के पकडते आणि निरोग्यांतल्या नव्वद टक्क्यांना बरोबर सोडते. ऐकायला चांगली वाटते. पण ती पंचविसांतले वीस पकडेल आणि निरोगी ९७५ मधल्या जवळजवळ ९८ जणांवर खोटा संशय घेईल. मिरजोळ्यातल्या अठ्ठ्याण्णव लोकांना विनाकारण धास्ती, मजुरी बुडवून खेटे आणि नेत्रविभागावर गर्दी. हा आक्षेप मी मान्य करते. गावात मांडव घालून एका दिवसात शेकडो डोळ्यांचा दाब मोजणारी शिबिरे, ज्यांत नंतर पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही, त्यांचा या विषयाशी फारसा संबंध नाही. मात्र हा आक्षेपसुद्धा पाहणी करणाऱ्या डॉक्टरांनीच दिलेल्या आकड्यांवर उभा आहे हे विसरू नये. कोणाला तपासू नये, कोणावर उपचार करू नये, हेही मोजणीच सांगते. चीनमधल्या ग्वांगझूत मिंगग्वांग हे आणि सहकाऱ्यांनी अरुंद कोन असलेल्या, पण अजून काही न बिघडलेल्या ८८९ लोकांच्या एका डोळ्यात लेसरने छिद्र पाडले आणि दुसरा तसाच ठेवला. सहा वर्षांत उपचार केलेल्या १९ आणि न केलेल्या ३६ डोळ्यांत बिघाड दिसला. लेसरने फायदा झाला, पण बिघडणारे मुळातच इतके थोडे, की अरुंद कोनाच्या प्रत्येकाला लेसर करत सुटू नये असे २०१९ मध्ये ठरले. आपल्याकडे वेल्लोरच्या पाहणीतल्या लोकांना पाच वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा अशा अरुंद कोनाच्या लोकांतले २२ टक्के पुढच्या पायरीवर गेलेले दिसले होते. दोन देशांचे दोन आकडे. कोकणातल्या बायकांना यांतला कोणता लागू पडतो, हे कोकणात मोजल्याशिवाय कोण सांगणार?

तिसरा आक्षेप निराशेचा आहे: सापडले तरी औषध रोज, जन्मभर घालायचे, कोण घालते? घालणे अवघड आहे हे खरे. थेंब घातल्याने काही बरे वाटत नाही, उलट चुरचुरते, आणि बाटली संपली की दुकानापर्यंत जाणे राहून जाते. पण औषधाने फरक पडत नाही असे मात्र नाही. स्वीडनमधल्या माल्मो शहरात अँडर्स हायल आणि सहकाऱ्यांनी २५५ नव्या रुग्णांपैकी निम्म्यांना उपचार दिले, निम्म्यांवर फक्त लक्ष ठेवले. उपचाराविना ६२ टक्क्यांचा रोग पुढे सरकला, उपचार मिळालेल्यांत ४५ टक्क्यांचा. दाब एका अंकाने उतरला की धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतो, असाही त्यांचा हिशेब निघाला. टिमोलॉलसारखे जुने औषध महाग नाही, मात्र दमेकऱ्यासारख्या काही रुग्णांना ते चालत नाही. थेंब रोज पडतात ना हे मिरजोळ्यात बघायला आशा सेविका आहे, ग्रामीण रुग्णालयातला नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. नाही ते एवढेच: कोणाच्या दारात जायचे, त्याची यादी. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. डोळे लाल झाले की औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणून महिनोन्महिने घालणाऱ्यांनाही काचबिंदू होतो, आणि तो तरुणांनाही होतो. ही वाट बंद करायला कुठलीही पाहणी लागत नाही.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी आपल्याला आणखी एक हाताशी येणारी गोष्ट दिली आहे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाहणीत रुग्णांच्या भावंडांना आणि मुलांना तपासले, तेव्हा काचबिंदू असलेल्याच्या जवळच्या नातलगांचा आयुष्यभरातला धोका २२ टक्के आणि इतरांच्या नातलगांचा २.३ टक्के निघाला. जवळजवळ दहापट. म्हणजे हजारांतले पंचवीस आंधळेपणाने शोधण्याऐवजी सापडलेल्या एका रुग्णापासून सुरुवात करून त्याच्या भावंडांकडे जावे. दुसऱ्या आक्षेपातला तो खोट्या संशयाचा हिशेबही मग बराच सुधारतो. कोकणात यासाठी वर्षातला एक काळ ठरलेलाच आहे. गणपतीला मुंबई-पुण्याची भावंडे घरी येतात. एरवी चार ठिकाणी पांगलेले कुटुंब त्या दिवसांत एका छपराखाली असते. रत्नागिरीतल्या वैद्यकीय महाविद्यालयाने, जिल्हा रुग्णालयाने आणि तिथे शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांनी त्या दिवसांत काचबिंदूच्या नोंदलेल्या रुग्णांच्या घरी जावे, भावंडांची यादी करावी आणि त्यांना तपासावे. कोकणाची पहिली नीट मोजणी इथूनही सुरू होऊ शकेल. आणि हे वाचणाऱ्यांच्या घरात कोणाला काचबिंदू असेल, किंवा आजी-आजोबांपैकी कोणाची नजर ‘मोतीबिंदू पिकला’ म्हणत म्हणत गेली असेल, तर चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक भावाने आणि बहिणीने यंदा गणपतीला गावी आल्यावर, नाहीतर परतीच्या वाटेवर, डोळ्यांच्या डॉक्टरकडून दाब, कोन आणि नस या तिन्ही गोष्टी तपासून घ्याव्यात. तक्त्यावरची अक्षरे नीट वाचता येत असली तरीही.